प्रवेश मिळाला, पदवीचे काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्या शहरात दरवर्षी एक ठरीव सोहळा सुरू होतो. गुणवंतांची छायाचित्रे झळकतात, पेढेवाल्यांची दुकाने गजबजतात आणि शिक्षणखात्याचे अधिकारी उत्तीर्णांचे टक्के समाधानाने वाचून दाखवितात. २०२४ साली हे प्रमाण ९३.३७ टक्के होते. २०२५ साली ते ९१.८८ टक्के झाले. मग काही आठवडे कोणत्या कॉलेजाचे दार किती टक्क्यांना बंद झाले याची चर्चा घरोघर चालते आणि पावसाळा सरतासरता तीही विरून जाते. जणू प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण झालेच! अग्रलेखाची नेहमीची आतली जागा सोडून आम्ही आज पहिल्या पानावर येत आहोत, ते नेमक्या या समजुतीस हरकत घेण्यासाठी. कॉलेजात किती मुले शिरली, हे या राज्यात सर्वांस ठाऊक असते. त्यांतली किती मुले पदवी घेऊन बाहेर पडली आणि जी पडली नाहीत ती कोणाच्या घरची होती, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही.

प्रवेशाच्या दारातच काय घडू शकते, याचे एक उदाहरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेले आहे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराचा मुलगा २०२४ साली आयआयटीची अतिशय अवघड परीक्षा उत्तीर्ण झाला आणि धनबादच्या आयआयटीत त्याला जागा मिळाली. ती जागा पक्की करण्यासाठी २४ जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. कुटुंबाने इकडून तिकडून रक्कम गोळा केली; परंतु ती अखेरच्या क्षणापर्यंत जमत राहिली आणि पैसे भरण्याआधीच संगणकावरचे दार बंद झाले. जागा गेली. पोराने अनेक दारे ठोठावली आणि शेवटी ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरून त्याची जागा त्यास परत दिली. न्याय झाला, याचा आनंद कोणास होणार नाही? पण ज्या रकमेत आपल्यातील अनेक घरांतून मुलांस दूरध्वनी घेऊन दिला जातो, तेवढ्या रकमेसाठी एका बुद्धिमान मुलास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, ही गोष्ट आनंदाहून अधिक लज्जेची आहे. आणि जी मुले तेथवर पोहोचत नाहीत, त्यांची गणती कोण करणार?

गणतीचाच प्रश्न निघाला आहे, तर प्रथम तीच पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. अठरा ते तेवीस या वयोगटाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण २८.४ टक्के पडते. अनुसूचित जातींत ते २५.९ व अनुसूचित जमातींत २१.२ आहे. महाराष्ट्राचा आकडा ३५.३, म्हणजे देशाच्या सरासरीहून बरा. परंतु तमिळनाडूच्या ४७ पुढे तो खुजा दिसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प सोडला आहे. संकल्प स्तुत्य आहे. मात्र हे सारे आकडे पटावरच्या नावांचे आहेत. पटावर नाव असणे निराळे आणि तीन वर्षांनी हातात पदवी असणे निराळे. पहिल्या वर्षी नाव घातलेला आणि दिवाळीनंतर वर्गात न दिसलेला मुलगाही या आकड्यांत सुखाने नांदत असतो.

जेथे मोजदाद झाली, तेथे काय दिसले तेही पाहण्याजोगे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत सरकारने दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी व आयआयएम या संस्थांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे मिळून १३,६२६ विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडून गेले. त्यांतले काही दुसरीकडे प्रवेश मिळाला म्हणून गेले असतील. ही शक्यता सरकारने सांगितली आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या संस्थांत शिरण्यासाठी लक्षावधी मुले झुरतात, वसतिगृहे जेथे आवारातच आहेत आणि सरकारचा हात जेथे सैल आहे, तेथे ही स्थिती. मग तालुक्याच्या गावी, दोन वर्गखोल्या आणि एक कुलूपबंद ग्रंथालय एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या कॉलेजात काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

यावर एक ठराविक उत्तर येते, आणि ते आपल्याच दिवाणखान्यांतून येते. "आता फी माफ आहे, शिष्यवृत्त्या आहेत, राखीव जागा आहेत, तरीही मुले शिक्षण सोडतात याचा अर्थ त्यांना शिकावयाचे नाही." हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते दिले की पुढे काही करावे लागत नाही. पण ते खरे आहे काय? फी हा शिक्षणाच्या खर्चाचा एक भाग आहे, आणि बी. ए., बी. कॉम.च्या अनुदानित वर्गापुरते बोलावयाचे तर तो सर्वांत लहान भाग आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात येतो, तेव्हा त्याला कॉलेजच्या फीआधी कॉटचे भाडे द्यावे लागते. एका खोलीत पाच-सहा खाटा टाकून 'कॉट बेसिस'वर मुले ठेवण्याचा धंदा या शहरात किती फोफावला आहे, हे सदाशिव-नारायण पेठांतील वाचकांस सांगावयास नको. त्यावर खानावळीचा महिन्याचा डबा, अभ्यासिकेची वर्गणी, झेरॉक्स, बसचे भाडे. आणि या साऱ्यांहून मोठा असा एक खर्च आहे, जो कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात लिहिलेला नसतो. तो म्हणजे घरी बुडणारी मजुरी. एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा शिकावयास जातो, तेव्हा सुखवस्तू घरातून फक्त पैसा जातो. गरीब घरातून पैसाही जातो आणि कमावता हातही जातो. फी माफ करून हा हात परत मिळत नाही.

सरकारला हे अजिबात कळत नाही असे नव्हे. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांस सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. आंबेडकरांच्या नावाची 'स्वाधार' योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी 'स्वाधार'ची रक्कम ठरली ती वर्षास ६० हजार रुपये : भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि इतर निर्वाहासाठी ८ हजार. हेतू उत्तम आहे. पण त्रैराशिक मांडून पाहावे. भोजनाचे पडतात दिवसास ८८ रुपयांच्या आत. त्यांत दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा आणि नाश्ता. निवासाचे पडतात महिन्यास १,६६७ रुपये. या रकमेत पुण्यात माणसास राहण्यासारखी खाट कोठे मिळते, हे योजना आखणाऱ्यांनी एकदा पेठांतून हिंडून शोधून दाखवावे. दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या मर्यादेची. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०१३ साली ठरलेली वार्षिक अडीच लाखांची मर्यादा २०२१ च्या नव्या नियमावलीतही तशीच ठेवण्यात आली. मधल्या आठ वर्षांत डाळीचे, तेलाचे, गॅसचे भाव कोठून कोठे गेले! मर्यादा जागच्या जागी उभी राहते आणि महागाई तिच्या डोक्यावरून निघून जाते. परिणामी दोन्ही आईबाप राबून पोट भरणारे कुटुंब कागदोपत्री 'सुस्थितीत' जाऊन बसते.

आणि मंजूर झालेली रक्कम तरी वेळेवर येते काय? शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता, कधी पुढील वर्षी हाती पडते, हा अनुभव इतका जुना झाला आहे की त्याविषयी तक्रार करण्याचेही विद्यार्थ्यांनी सोडून दिले आहे. अर्ज संगणकावर भरावयाचा. तो कॉलेजाने तपासावयाचा. मग जिल्हा कार्यालयाने. मध्येच उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपावयाची. आधार क्रमांक आणि बँकेचे खाते जुळावयाचे नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९ हजार कोटींच्या योजनेस मान्यता दिली आणि केंद्र व राज्य यांचा वाटा ६० आणि ४० असा बांधून दिला. वाटे ठरले, पण विद्यार्थ्याची भूक ना केंद्राच्या वेळापत्रकाने चालते, ना राज्याच्या. जूनमध्ये लागलेला पैसा मार्चमध्ये मिळणे म्हणजे वरातीमागून घोडे. मधल्या नऊ महिन्यांत मुलगा एक तर सावकाराच्या दारी जातो, किंवा रात्रपाळीचे काम धरतो. रात्री बारापर्यंत दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचविणारा मुलगा सकाळी आठच्या तासास पेंगतो, तेव्हा प्राध्यापक त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतात. हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेस बसता येत नाही. परीक्षा बुडाली म्हणून पुढची शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती नाही म्हणून आणखी काम. या चरकातून जो सुटतो तो नापास म्हणून सुटतो, आणि आपण म्हणतो, त्याला शिकावयाचे नव्हते.

मुलींची कथा याहून कठीण आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कॉलेजच्या हिवाळी परीक्षा आणि दुसरे सत्र नेमके याच काळात येते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जितके कोयते घरात असतील तितके बरे. वयात आलेल्या मुलीस गावी एकटी ठेववत नाही आणि फडावर नेऊन शिकविता येत नाही. तेव्हा बाप तिचे लग्न उरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के आढळले. या मुली कोणत्या कॉलेजातून 'गळाल्या'? त्यांची नावे पटावर चढलीच नाहीत. ज्या गावी राहून शिकतात, त्यांच्यापुढे एस. टी.चा प्रश्न उभा. अहिल्यादेवींच्या नावाने चालणाऱ्या योजनेत ग्रामीण मुलींस बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. फार चांगली योजना. हजारो मुली तिच्यामुळे हायस्कुलात टिकल्या. पण बारावी झाली की पास संपतो आणि सवलतीनंतरचे एकतृतीयांश भाडे भरावे लागते. तेही भरता येईल. परंतु सरकारच्या लेखी मुलीची वाट बारावीच्या थांब्यावर संपते, हा त्यातला संकेत बापास बरोबर समजतो.

८ जुलै २०२४ च्या आदेशाने राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो; एरवी बाप मुलाच्या इंजिनियरिंगसाठी जमीन गहाण टाकतो आणि मुलीस डी. एड. किंवा घरकाम सुचवितो, त्यास यामुळे काही आळा बसेल. पण ही माफी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणास जाणाऱ्या मुलींची आहे. गावच्या कॉलेजात बी. ए. करणारी मुलगी तिच्या कक्षेत येत नाही आणि वसतिगृह, प्रवास, जेवण हे प्रश्न तर दोघींचेही जागच्या जागी राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली विद्यालक्ष्मी कर्जयोजनाही अशीच. जामिनावाचून, तारणावाचून कर्ज ही मोठी सोय खरी. पण ती देशातील निवडक ८६० संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांसाठी. जो वर चढून गेला त्याला शिडी द्यावयाची आणि जो खाली उभा आहे त्याला चढण्याचा उपदेश करावयाचा, ही रीत नवी नाही.

हे सर्व वाचून पांढरपेशा वाचकांस असे वाटेल की, आमचे आजोबा-पणजोबाही गरिबीतच शिकले. त्यांना कोठे शिष्यवृत्त्या होत्या? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण उत्तर त्याच्या पोटातच आहे. ते आजोबा शिकले ते एकट्याच्या मनगटावर शिकले नाहीत. ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची सात पाने त्यांना या पुण्यात मिळाली. कोणी माधुकरी मागितली, कोणास ओळखीच्या वाड्यात ओसरी झोपावयास मिळाली, हेडमास्तरांनी नादारी दिली, आणि १९०९ साली या शहरात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. म्हणजे बुद्धी त्यांची होती, कष्ट त्यांचे होते. पण अन्न आणि निवारा समाजाचा होता. हे समाजाचे ऋण होय. फक्त त्या काळी ते 'समाज' म्हणजे जात एवढ्याच अर्थाने चालत असे. ज्याच्यासाठी गावाच्या विहिरीवरही जागा नव्हती, त्याच्यासाठी पेठेतल्या ओसरीवर पान कोण मांडणार होते? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते : कर रयतेने भरावा आणि त्यावर उच्च शिक्षण वरच्या वर्गांनी घ्यावे. त्या गाऱ्हाण्यातले काही अजून शिळे झालेले नाही.

फुल्यांच्या मागून जे आले त्यांनी मात्र या रोगाचे निदान अचूक केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक जातीची वसतिगृहे काढण्यास चालना दिली, ती याच कारणाने. ज्यास वार मिळत नाही त्यास पान वाढण्याची सोय राजाने करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग काढले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, ही कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण तिच्यातले एक वर्ष आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. भाऊरावांचे साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले १९४७ साली. म्हणजे बोर्डिंग आधी आणि कॉलेज तेवीस वर्षांनी मागून. मुलास भाकरी, अंथरूण आणि मानाचे काम द्या, शिक्षण तो आपण होऊन पुरे करील, हा त्या क्रमाचा अर्थ आहे. 'कमवा आणि शिका' हा त्याचाच दुसरा चरण. पुण्यातही १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली, तीही खेड्यातून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास प्रथम राहण्या-जेवण्याचा आधार देण्यासाठीच. आपण पुढे काय केले? हा क्रम उलटा केला. १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांचे पीक आले, या शतकाच्या आरंभापासून 'कायम विनाअनुदानित' असा शब्दप्रयोगही रूढ झाला. इमारती उभ्या राहिल्या, फलक लागले, आणि वसतिगृह ही ऐपत असलेल्यांनी विकत घ्यावयाची वस्तू ठरली.

पैशाच्या ओढीने शिक्षण कसे मोडते आणि ते पुन्हा कसे जोडता येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले, तेथून लंडनला आले. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून मायदेशी परतावे लागले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तेही 'गळालेले विद्यार्थी' ठरले. परंतु विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांनी व मित्राने हातभार लावला, आणि १९२० साली परत जाऊन त्यांनी तो अभ्यास पुरा केला. अशा असामान्य बुद्धीच्या पुरुषासही तीन गोष्टी लागल्या : परतण्याची मुभा, साठविण्याजोगे वेतन आणि कोणाचा तरी हात. सामान्य मुलाने तिन्हींवाचून पार व्हावे, अशी आपली अपेक्षा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर सन्मान पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मिळविलेली श्रेयांके जमा राहतात आणि पुढे परत येता येते. कागदावर ही व्यवस्था उदार आहे. आमची शंका अशी की, बाहेर पडण्याची दारे कोण वापरणार आणि चौथ्या वर्षापर्यंत कोण बसणार, हे घरच्या मिळकतीवर ठरेल. सुखवस्तू घरातील मुलगा सन्मान पदवी घेईल, मजुराची मुलगी एका वर्षाचे प्रमाणपत्र. आणि सरकारी तक्त्यात दोघेही 'यशस्वी' म्हणून मोजले जातील. काल जिला गळती म्हणत होते, तिला उद्या 'निर्गमन' म्हणावयाचे, एवढाच फरक पडावयाचा असेल तर या सुधारणेचा उपयोग काय? मुभा मिळाली, वेतन आणि हात कोठे आहेत?

शेजारून शिकावयास हरकत नाही. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी शाळेतून शिकून कॉलेजात गेलेल्या मुलींस, ऑगस्ट २०२४ पासून मुलांसही, शिक्षण पुरे होईतो दरमहा एक हजार रुपये थेट खात्यात देण्यास प्रारंभ केला. रक्कम मोठी नाही. पण 'दरमहा' आणि 'शिक्षण पुरे होईतो' या दोन शब्दांत तिचे सारे बळ आहे. गरिबाचे घर महिन्याच्या हिशेबावर चालते, हे ज्याला कळले त्याला शिष्यवृत्तीचे मर्म कळले.

तेव्हा महाराष्ट्र सरकारकडे आमचे मागणे चारच गोष्टींचे आहे, आणि त्यांतली एकही चंद्र मागण्याजोगी नाही. पहिली, निर्वाहाचा पैसा सत्राच्या पहिल्या महिन्यापासून दरमहा मिळावा. फीच्या रकमेचा हिशेब सरकारने कॉलेजाशी परस्पर करावा आणि सरकारकडून येणे आहे म्हणून कोणत्याही मुलाची गुणपत्रिका वा दाखला अडवून ठेवला जाऊ नये. दुसरी, भत्त्याची रक्कम व उत्पन्नाची मर्यादा महागाईच्या निर्देशांकास बांधावी. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जर वर्षातून दोनदा हलतो, तर विद्यार्थ्याच्या ताटानेच दहा वर्षे का गोठून राहावे? तिसरी, नवे कॉलेज मंजूर करताना वसतिगृहाच्या खाटा मोजाव्यात आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय येथील कामे किमान वेतनाच्या दराने विद्यार्थ्यांस द्यावीत. रात्रीच्या रस्त्यावर घालविलेल्या चार तासांपेक्षा ग्रंथालयातले दोन तास त्याला अधिक उपयोगी पडतील. चौथी, आणि आमच्या मते पहिल्या तिन्हींचे मूळ, प्रत्येक विद्यापीठाने कॉलेजवार ताळेबंद प्रसिद्ध करावा : अमुक वर्षी शिरलेल्या शंभरांपैकी वेळेत पदवीधर किती झाले, आणि न झालेले कोणत्या जातीचे, कोणत्या जिल्ह्याचे, किती मिळकतीच्या घरचे. प्रत्येक विद्यार्थ्यास कायम नोंदणी क्रमांक असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला असतो. दोन वह्या शेजारी ठेवण्याचाच काय तो प्रश्न आहे. बँकेचा ताळेबंद न मांडणाऱ्या संचालकास आपण जाब विचारतो. तरुण आयुष्यांचा ताळेबंद न मांडणाऱ्यास का विचारू नये?

सरकारकडे बोट दाखवून नागरिकांची सुटका होते, असे मात्र कोणी समजू नये. या शहरात खोली मागावयास आलेल्या मुलास त्याचे नाव विचारण्याआधी आडनाव विचारणारे घरमालक आहेत. एका खोलीत सहा खाटा कोंबून प्रत्येकीचे पूर्ण भाडे घेणारेही आपल्यातलेच आहेत. आपल्या आजोबांस ज्या वाड्यांतून सात वारांची सात पाने मिळाली, त्या वाड्यांच्या जागी आज सात मजले उभे आहेत आणि त्यांच्या वाहनतळावर रात्रपाळीस बसलेला पहारेकरी बहुधा कोठल्या तरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पटावर आहे. त्याच्या टेबलावर पुस्तक उघडे दिसते काय, हे आज रात्री घरी परतताना पाहावे. दिसले, तर ते ऋण फेडण्यास आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. आणि पुढच्या खेपेस ते पुस्तक मिटलेले दिसले, तर त्याला शिकावयाचे नव्हते, असे निदान आपण तरी म्हणू नये.